पहिला स्मार्टफोन घ्यायचा आहे, पण दुकानात सांगतात ते आकडे समजत नाहीत

प्रश्न : टपालवाल्या मावशी (सुदामा नगर, इंदूर)

सर्वांना नमस्कार. माझे वय ६९ वर्षे असून टपाल खात्यात, बहुतेक काळ बचत बँकेच्या खिडकीवर, ३२ वर्षे काम करून मी निवृत्त झाले. मुलगा पुण्याला असतो. वरच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहते आणि त्यांची मुलगी महाविद्यालयात शिकते. गेली अकरा वर्षे माझ्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. फोन करणे, फोन घेणे आणि बँकेचा निरोप वाचणे यापलीकडे त्याच्याकडून मी काही मागितले नाही आणि त्यानेही मला कधी त्रास दिला नाही.

आता मात्र अडू लागले आहे. आमच्या भजनी मंडळाचे सारे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. मागच्या वर्षी एका जुन्या सहकारी मैत्रिणीच्या शोकसभेची वार्ता मला सभा होऊन गेल्यावर कळली, कारण मी ती वाचली असणार असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. दुसरी अडचण हयातीच्या दाखल्याची आहे. पोस्टमनने घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देण्याची सोय आमच्याच खात्याच्या पेमेंट्स बँकेने २०२० साली सुरू केली, म्हणून मी मोठ्या अभिमानाने ती घेत होते. गेल्या नोव्हेंबरात मात्र यंत्रावर सहा वेळा अंगठा ठेवूनही तो उमटला नाही. चेहरा दाखवूनही हा दाखला घरबसल्या निघतो असे ऐकले आहे, पण त्यासाठी स्मार्टफोन हवा.

म्हणून शहरातील एका मोठ्या दुकानात गेले. तेथील तरुण विक्रेत्याने वीस मिनिटे ‘८ अधिक ८ जीबी’, ‘५० मेगापिक्सेल’ आणि ‘१२० हर्ट्झ’ यांविषयी सांगितले. यात अक्षर किती मोठे होते, असे मी विचारले तेव्हा ‘आंटी, सब हो जाता है’ एवढे बोलून तो पुन्हा कॅमेऱ्याकडे वळला. मी काही न घेता परत आले.

माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, उजव्या हाताचा अंगठा आखडतो आणि बोटे कोरडी असतात. खर्च पंधरा-सोळा हजारांपर्यंत करू शकते. मुलगा म्हणतो की त्याचा चार वर्षांपूर्वीचा फोन पाठवून देतो, तो चांगला महागाचा आहे. अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला निवड कशावरून करावी हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : रामबागेतील सून

मावशी, मी माझ्या सासूबाईंसाठी दोनदा फोन घेतला. पहिल्यांदा चुकले, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजते.

पहिला फोन मी चार ठिकाणची परीक्षणे वाचून निवडला होता आणि वस्तू म्हणून तो उत्तमच होता. पण घरात त्या कंपनीचा फोन दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मी कार्यालयात असताना सासूबाई शेजारच्यांच्या फोनवरून विचारत, ‘आवाज बंद झाला आहे, आता काय दाबू?’ आणि मला सांगता येत नसे, कारण त्यांच्या पडद्यावर काय दिसत असेल हेच मला ठाऊक नसे. आयफोन सोडल्यास बहुतेक सर्व फोन अँड्रॉइडवर चालतात हे खरे आहे. परंतु प्रत्येक कंपनी त्यावर आपली मांडणी चढवते, सेटिंगची नावे बदलते, आणि एकीकडे जे पहिल्याच पानावर असते ते दुसरीकडे तीन पाने आत दडलेले असते. दुसऱ्या वेळी मी माझ्याच कंपनीचा, माझ्या फोनपेक्षा स्वस्त असा फोन त्यांना आणून दिला, आणि आता मी डोळे मिटूनही ‘खालून दुसऱ्या ओळीत दाबा’ असे सांगू शकते.

तेव्हा माझ्या मते पहिला प्रश्न कोणता फोन चांगला हा नसून, पहिले सहा महिने ‘आता काय दाबू?’ हे तुम्ही कोणाला विचारणार आहात, हा आहे. मुलगा पुण्याला आहे आणि दिवसभर कामात असणार. वरच्या मजल्यावरची मुलगी मात्र जिना उतरून येऊ शकते. तिची तयारी असेल तर तिच्याकडे ज्या कंपनीचा फोन आहे त्याच कंपनीचा घ्यावा. त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र इंदुरात आहे एवढी खात्री करून घेतली की नावाविषयीची चर्चा संपली.

आता मुलाच्या जुन्या फोनविषयी. महागाचा जुना फोन स्वस्ताच्या नव्या फोनपेक्षा सरस असू शकतो, परंतु चार वर्षांत बॅटरी थकलेली असते. शिवाय कंपनी त्याला सुरक्षेची अद्यतने (अपडेट) अजून देते का, हे पाहावे लागते. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर शेवटच्या सुरक्षा अद्यतनाची तारीख लिहिलेली असते. ती वर्षभर जुनी असेल तर ज्या फोनवर पेन्शनची आणि बँकेची कामे करायची आहेत तो फोन तो नव्हे. नव्या फोनबाबतही हाच प्रश्न दुकानदाराला विचारावा, की याला कोणत्या सालापर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतील. काही फोनांना दोन-तीनच वर्षे मिळतात, तर सॅमसंगने २०२४ साली आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या साधारण किमतीच्या फोनासाठी सहा वर्षांचे आश्वासन दिले होते. आपल्यासारखी माणसे फोन मोडेपर्यंत वापरतात. आपल्या दृष्टीने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हा आकडा मोठा आहे.

विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यांचे ओझे मनावर ठेवू नका. ‘८ अधिक ८’ यातील दुसरा ८ हा खरा नसतो. साठवणुकीच्या जागेतील थोडा भाग उसना घेऊन चालू कामाच्या स्मृतीसारखा (रॅम) वापरला जातो, त्याला असे भारदस्त रूप दिलेले असते. पहिला आकडा ६ किंवा ८ असला की पुरे. साठवण मात्र १२८ जीबी घ्यावी, कारण भजनी मंडळाची सुप्रभाताची चित्रे आणि ध्वनिफिती ६४ जीबी कधी भरून टाकतात हे कळतही नाही. १२० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा नवे चित्र रेखाटतो. त्यामुळे सरकवताना अक्षरे गुळगुळीत चालतात, एवढेच. ५००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी या किमतीत सर्रास मिळते आणि तुमच्या वापराला ती दीड-दोन दिवस पुरावी.

खरी परीक्षा हाताने करायची असते, आणि ती दुकानात उभे राहून, प्रदर्शनासाठी ठेवलेल्या चालू फोनवर करावी. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करायला सांगा आणि मग व्हॉट्सअ‍ॅपसारखे एखादे पान उघडून पाहा, की मराठी मजकुराच्या वेलांट्या व उकार नीट दिसतात का आणि मोठ्या अक्षरांमुळे बटणांवरचे शब्द अर्धवट कापले जातात का. तो फोन दाराशी, उन्हात नेऊन पुन्हा वाचा. स्वस्त फोन बहुधा येथेच नापास होतात. मग शेजारच्या व्यक्तीला त्या फोनवर फोन करायला सांगा आणि स्वतः उचलून पाहा. येणारा फोन उचलण्यासाठी बोट एका बाजूला सरकवावे लागते, आणि आखडलेल्या अंगठ्याला हे सरकवणेच सर्वांत कठीण जाते. काही फोनांत नुसते दाबून किंवा बाजूच्या आवाजाच्या बटणाने फोन उचलण्याची सोय असते. ती आहे का, हे आवर्जून विचारा.

आणखी एक गोष्ट सांगते, जी मला फार उशिरा कळली. सासूबाई चिन्हावर बोट ठेवत ते हळूच, पण क्षणभर जास्त. फोनला वाटे की त्यांनी दाबून धरले आहे, आणि उघडण्याऐवजी भलतीच यादी समोर येई. आम्ही त्यांना ‘पटकन दाबा’ म्हणून बोलत राहिलो, याचे आज वाईट वाटते. कारण सुलभतेच्या सेटिंगमध्ये हा अवधी वाढवता येतो आणि तो वाढवल्यावर एका दुपारीत तक्रार संपली. सेटिंगमध्येच मागे जाण्यासाठी, मुख्य पानावर येण्यासाठी व उघडी पाने पाहण्यासाठी तळाशी तीन ठळक बटणे आणता येतात. नवे फोन ती लपवून बोट सरकवण्याच्या खुणा देतात, त्या नवशिक्यांच्या काही उपयोगाच्या नाहीत.

उत्तर २ : लोकमान्य नगरचे अण्णा

वरील उत्तर चांगले आहे, परंतु त्यात पैशांचा विषय आलेला नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून तो मांडतो.

टपालवाल्या ताई, तुमचा बटणांचा फोन टाकून देऊ नका. बँकेशी जोडलेला क्रमांक त्याच फोनमध्ये राहू द्या आणि स्मार्टफोनसाठी दुसरे, नवे सिम घ्या. जो क्रमांक बँकेला ठाऊक आहे तो स्मार्टफोनात नसला की अर्ध्या फसवणुकी आपोआप टळतात, कारण चोराच्या हाती स्मार्टफोन लागला तरी बँकेचा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) दुसऱ्या फोनवर येतो. पहिले सहा महिने यूपीआय सुरूच करू नये. पुढे करावेसे वाटले तर पेन्शनचे खाते न जोडता, थोडीच रक्कम राहील असे वेगळे बचत खाते जोडावे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो देताना लागतो, एवढे एक वाक्य फोनच्या पाठीवर चिकटवून ठेवावे. दुर्दैवाने काही घडलेच तर राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० वर तत्काळ कळवावे. तेथे तासाचा विलंबही महाग पडतो.

हयातीच्या दाखल्याबाबत तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. जीवन प्रमाण योजना २०१४ सालची आहे आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय तीत नोव्हेंबर २०२१ पासून आली. त्यासाठी आधारचे चेहरा ओळखणारे अ‍ॅप आणि जीवन प्रमाणचे अ‍ॅप अशी दोन घ्यावी लागतात. फोन निवडताना यासाठी वेगळे काही शोधायची गरज नाही. पडद्याच्या बाजूचा कॅमेरा स्वच्छ असावा आणि दाखला काढताना तोंडावर उजेड असावा, पाठीमागे नव्हे.

उत्तर ३ : जेल रोडवरचा दुरुस्तीवाला

काकू, नमस्कार. अण्णांच्या सूचनेत एक दुरुस्ती सुचवतो. यूपीआयचे अ‍ॅप सुरू करताना बँकेशी जोडलेल्या क्रमांकावरून, म्हणजे त्याच फोनात असलेल्या सिमवरून, एक संदेश आपोआप पाठवला जातो. त्यामुळे बँकेचे सिम बटणांच्या फोनात ठेवले तर त्या खात्याचे यूपीआय स्मार्टफोनवर चालू होणारच नाही. ज्यांना ते नकोच आहे त्यांच्यासाठी हा दोष नसून कुलूपच आहे. मात्र सहा महिन्यांनी सुरू होत नाही म्हणून दुकानात भांडायला येऊ नये, एवढ्यासाठी आधी सांगून ठेवतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे तसे नाही. त्याला सुरुवातीला एकदाच सांकेतिक क्रमांक लागतो, आणि तो दुसऱ्या फोनवर आला तरी पाहून टाकता येतो. म्हणजे सिम जुन्या फोनात ठेवूनही व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच क्रमांकावर सुरू करता येते आणि मंडळातील पन्नास जणींना नवा क्रमांक कळवत बसावे लागत नाही. मात्र व्हॉट्सअ‍ॅपचे सिम त्याच फोनात असावे असा आदेश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे, म्हणून आधी चौकशी करून घ्यावी. इंटरनेट नव्या सिमचे वापरावे.

उलट, जुने सिमच नव्या फोनात घालायचे ठरवले तर ते आकाराने मोठे असेल. ते कोणाकडूनही कापून घेऊ नये. कंपनीच्या कार्यालयात आधार घेऊन गेल्यास लहान आकाराचे सिम मिळते, पण सिम बदलल्यानंतर २४ तास त्यावर संदेश येत-जात नाहीत. सिमची चोरी करून खाती लुटण्याचे प्रकार वाढल्यामुळे सरकारने हा नियम केला आहे. त्या दिवशी बँकेचे काम काढू नये आणि फोन बिघडला असेही समजू नये. दर आठवड्याला एक तरी ज्येष्ठ नागरिक याच कारणाने माझ्या दुकानाची पायरी चढतात.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. नवा फोन सुरू करताना गूगलचे खाते लागते. गिऱ्हाइकाकडे ते नसले की विक्रेता दोन मिनिटांत स्वतःच्या मनाने एखादा पत्ता आणि पासवर्ड टाकून फोन चालू करून देतो. तो पासवर्ड गिऱ्हाइकाला माहीत नसतो आणि विक्रेत्याला आठवत नाही. पुढे कधी फोन अडकला आणि सर्व पुसून पुन्हा सुरू करावा लागला, तर फोन तेच जुने खाते मागतो. चोरांसाठी केलेली ही व्यवस्था आहे, पण सापडतो मालक. स्वतःचा फोन, स्वतःचे बिल, आणि आत शिरता येत नाही, अशा अवस्थेत लोक माझ्याकडे येतात. म्हणून दुकानात फोन फक्त चालतो आहे एवढे पाहावे आणि खाते घरी येऊन, वरच्या मुलीला शेजारी बसवून, स्वतःच्या नावाने काढावे. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. वहीत लिहू नये असे जाणकार म्हणतात, पण ज्याला तो आठवणारच नाही त्याने कपाटातल्या वहीत लिहिणे हेच शहाणपणाचे आहे.

बिल पक्के घ्यावे, त्यावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक असावा. फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा क्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा असे तिन्ही जुळवून पाहावेत. तुम्ही पासबुकातील आकडे जुळवत आला आहात, तेव्हा हे मी शिकवण्याची गरज नाही. हल्ली काही कंपन्या खोक्यात चार्जर देत नाहीत, तेही पैसे देण्यापूर्वी विचारावे. फोनला सामान्यतः एक वर्षाची आणि चार्जरला सहा महिन्यांची हमी असते.

कोरड्या बोटांविषयी : बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या कुलपावर विसंबू नका. यंत्रावर जो अंगठा उमटला नाही तो फोनवरही रुसेल. आकड्यांचे कुलूप ठेवावे.

उत्तर ४ : वडोदऱ्याहून, दांडिया बाजार

मावशी, एक लहानशी सूचना. फोनची भाषा मराठी ठेवावी की नाही, याचा विचार शिकवणाऱ्या व्यक्तीकडे पाहून करावा. मी माझ्या वडिलांच्या फोनवर हौसेने सर्व सूची मराठीत केल्या, आणि मग त्यांना मदत करणाऱ्या गुजराती शेजाऱ्याला एकही शब्द लागेना. खरे सांगायचे तर त्यातील काही मराठी प्रतिशब्द मलाही लागले नाहीत. शेवटी सूची इंग्रजीत आणि लिहिण्याचा कळफलक मराठीत अशी तडजोड आम्ही केली. गूगलच्या कळफलकात मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे आणि बोटाने पडद्यावर गिरवूनही लिहिता येते. वडिलांना गिरवणे आवडते. दुकानात फोन पाहताना ‘ज्ञानेश्वर’ लिहून पाहावे, पडदा हाताला कसा लागतो हे त्यातून चांगले कळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : टपालवाल्या मावशी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण या काळात फोन घेतला आणि तो हाताळत होते.

वरची मुलगी आनंदाने तयार झाली. तिच्या आईचा व तिचा फोन एकाच कंपनीचा आहे, तोच घ्यायचे ठरवले आणि दोघी जेल रोडला डॉलर मार्केटात गेलो. पहिल्या दुकानात उन्हात फोन नेऊ देईनात, म्हणून तेथून निघालो. दुसऱ्या दुकानातील गृहस्थांनी खुर्ची दिली, अक्षरे मोठी करून दिली आणि मी दाराशी जाऊन वाचले. पहिल्या फोनवर उन्हात काहीच दिसेना, दुसऱ्यावर दिसले. सुरक्षा अद्यतने कोठवर मिळतील असे विचारल्यावर ते गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले आणि मग त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून साल सांगितले. ‘ज्ञानेश्वर’ तिसऱ्या प्रयत्नात जमला. ठरवलेल्या रकमेपेक्षा आठशे रुपये अधिक गेले.

खाते घरी येऊन काढले, पासवर्ड पासबुकांच्या डब्यातल्या वहीत आहे. अण्णांचे ऐकून बँकेचा क्रमांक जुन्याच फोनात ठेवला आणि दुरुस्तीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅप त्याच क्रमांकावर सुरू केले. मुलाला त्याच्या फोनातील अद्यतनाची तारीख पाहायला सांगितली. ती दीड वर्षापूर्वीची निघाली, त्यामुळे तो विषय आपोआप मिटला. सूची हिंदीत ठेवल्या आहेत, कारण वरची मुलगी हिंदीभाषी आहे.

टपालातील सवयीने फोन स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून पाहिला. नुसता फोन १९४ ग्रॅम भरला. विक्रेत्याने प्रेमाने चढवलेले जाड कव्हर व पडद्यावर बसवलेली काच यांच्यासह २४३. म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम ही भेटवस्तूच होती, आणि आखडलेल्या अंगठ्याला तेवढेही जाणवते. कव्हर त्याच दिवशी बदलले. काचेचा खोडसाळपणा कळायला मात्र आठवडा लागला. कोरड्या बोटाने एकदा दाबले की फोन दाद देत नसे, दोनदा दाबले की दोन पाने उघडत. दोष माझ्या बोटांचा आहे असे मी धरून चालले होते. वरच्या मुलीने पडद्याची स्पर्शसंवेदना वाढवण्याचे सेटिंग शोधून दिले, तरी पूर्ण समाधान होईना, तेव्हा तिने ती जाड काच सोलून काढली. बोट ओळखले जाऊ लागले. त्यानंतर दहा मिनिटांत आलेला फोन मी पहिल्याच प्रयत्नात उचलला. कर्ज हवे आहे का, असे विचारणाऱ्या कोणा तरुणाचा तो होता. तो ठेवतानाही अडचण आली नाही.